पुरानं परडं गेलं. मातीला हात कधी लावू? आणि वरण्याच्या घेवड्याचं, काटेरी वांग्याचं देशी बी कुणाकडे आहे का?

परड्यातली, कुरुंदवाडजवळ, ता. शिरोळ
४ ऑगस्ट २०२१

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचतच असते, लिहीत नाही. आज लिहिते आहे, कारण घरात हे कुणाला सांगावं असं उरलं नाही.

जयसिंगपुरात नणंदेकडे होतो, जनावरं छावणीत. पाणी उतरल्यावर घरी आलो. आमच्याकडचा पूर चिपळूणसारखा अंगावर धावून येत नाही. पंचगंगा आणि कृष्णा नरसोबाच्या वाडीला भेटतात, तिथून पुढं पाण्याला उतार कमी. त्यामुळं पाणी सावकाश चढतं आणि उतरायलाही तितकाच वेळ घेतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट म्हणजे धोका. यंदा तिथं पाणी ५६ फुटांवर गेलं म्हटल्यावर आम्ही सामान बांधलं. माणसं, जनावरं सगळी सुखरूप आहेत, हे आधीच सांगते. नाहीतर कुणीतरी विचारेलच आणि मला उत्तर देताना अपराध्यासारखं वाटेल.

घरामागं दोन गुंठ्यांचं परडं होतं. वांगी, मिरची, टोमॅटो, गवारी, दोडक्या-कारल्याचा मांडव, कुंपणाला वरण्याचा वेल, मोरीच्या पाण्यावर अळू, एका कडेला हळद. शेवगा, लिंबू, कढीपत्ता आणि दोन पपया. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा हातात खुरपं दिलं ते याच जागेत. त्या गेल्या तरी परडं त्यांच्याच पद्धतीनं चाललं होतं. बाजारातून फक्त कांदा-बटाटा यायचा.

आता काय आहे ते सांगते. कुंपणाच्या बाजूला वीतभर गाळ, बाकी ठिकाणी तीन-चार बोटं. वर बाटल्या, थर्माकोल, कुणाच्या तरी चपला. सखल कोपऱ्यात अजून पाणी आहे, त्यावर तेलाचा तवंग दिसतो. मांडव आडवा झालाय. मिरची-टोमॅटो काळे पडून जागेवर उभे. पपया बुडातून मऊ होऊन पडल्या. लिंबाची पानं खाली लोंबतायत, पण हिरवी आहेत. अळूचा एक कोंब मात्र गाळातून वर आलाय. शिवारात ऊस कुजल्याचा वास आहे, तो घरातही येतो.

बियाण्याचं दुःख सगळ्यांत मोठं. २०१९ ला पाणी याहून जास्त होतं, तरी माळ्यावरची गाडगी वाचली होती. यंदा मागची कच्च्या विटांची भिंत खचली, माळा तिरका झाला आणि गाडगी पाण्यात गेली. राखेत ठेवलेला वरणा फुगून, मोड येऊन सडला. वांग्याचं बी सासूबाईंच्या माहेरचं होतं. देठ काटेरी, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, भरल्या वांग्याला लोण्यासारखं शिजायचं. ते आता गावात कुणाकडेही नाही, कारण सगळ्यांच्याच घरात पाणी होतं.

पंचनाम्याला आले होते. घर लिहिलं, भिंत लिहिली, ऊस लिहिला. परड्याला कागदावर रकाना नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाजीच तर होती, जीव वाचला हे काय कमी?" खरंच आहे त्यांचं. तरी सकाळी चहा झाल्यावर पाय आपोआप मागच्या दाराकडे जातात आणि दार उघडवत नाही.

जाणत्यांनी सांगा. या मातीत कधी उतरू? गाळ काढू की मिसळू? हळद आणि अळू खाण्याजोगं राहिलं का? लिंबू आणि शेवगा वाचतील का? आणि वरणा किंवा तसलं वांगं कुणाकडे असेल तर मूठभर बी द्याल का? पोस्टाचा खर्च मी देईन.

---

हरिपूर_मळी, सांगली
४ ऑगस्ट

ताई, आमचं हरिपूर कृष्णा-वारणेच्या संगमावर. २००५, २०१९ आणि आता २०२१, तिन्ही पूर याच डोळ्यांनी बघितले. पंचाहत्तरीला आलोय, सावकाश लिहितो.

पहिलं म्हणजे आत्ता परड्यात अजिबात उतरू नका. काळी माती ओली असताना तिच्यावर पाय पडला की ती दबते, वाळली की वीट होते आणि पुढचं वर्षभर मूळ आत शिरत नाही. मनाला घाई असते, ती मी जाणतो. वाफसा येऊ द्या. वाफसा आला का हे असं बघा: चार बोटं खालची माती मुठीत घेऊन गोळा करा आणि अंगठ्यानं दाबा. चिकटून पसरली तर थांबा, भुगा झाला तर चला. तोवर कडेला उभं राहून सखल कोपऱ्यातलं पाणी बाहेर जायला एक चर काढा, तेवढंच काम. उरलेलं ऊन आणि वारा करतील.

माती उघडल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास येईल, आत निळसर-करडी दिसेल. घाबरू नका. पाणी साचून आत हवा गेली नाही की तसं होतं. हवा खेळली की वास जातो, रंगही परततो.

गाळाचं सांगतो. तीन-चार बोटं आहे तिथं वाळल्यावर खालच्या मातीत मिसळा. कुंपणाला वीतभर आहे, तो फावड्यानं उचलून एका बाजूला ढीग घाला. तसाच ठेवलात तर वर पापडी धरते आणि खालच्या मातीचा श्वास कोंडतो. ढीग टाकून देऊ नका, वर्षभर पावसा-उन्हात पडू दे. कृष्णाकाठची वांगी ज्या मळीच्या जमिनीत पिकतात ती मळी पुरानंच आणून घातलेली आहे. माझे वडील पूर ओसरला की मळीत लगेच वांगी लावायचे. तेव्हा नदीत येत होतं ते शेणमूत आणि पालापाचोळा. आता गटारं येतात, डिझेल येतं, शेतातली औषधं येतात. म्हणून ढीग मुरवा.

आता बियाण्याचं. मेलेल्या वांग्याच्या झाडांवर एखादं जून, पिवळं पडलेलं फळ लटकलेलं आहे का ते आधी बघा. बी धरण्यासाठी राखलेलं एखादं असेलच. वरून कातडं काळं पडलं तरी आतलं बी बऱ्याचदा चांगलं असतं. हातमोजे घालून काढा, गर पाण्यात चोळा, तरंगेल ते फेका, बुडेल ते ठेवा. सावलीत कागदावर वाळवा. मग दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. वांग्याला मोड यायला आठ-दहा दिवस लागतात, उतावीळ होऊ नका. दहातल्या चार जरी उगवल्या तरी तुमचा वाण वाचला.

माझ्याकडे हरिपुरी काटेरी वांग्याचं बी आहे, मुलीकडे मिरजेला ठेवलं होतं म्हणून राहिलं. ते तुमच्या सासूबाईंचं नव्हे, तसं मी म्हणणारही नाही. पण याच नदीचं आहे. हवं तेवढं देतो.

---

गच्चीवाला_कोथरूड, पुणे
४ ऑगस्ट

ताई, वाचून वाईट वाटलं. माझ्या वाचनात असं आलंय की पुराचा गाळ अतिशय सुपीक असतो. मग वाफसा आल्या आल्या मेथी-पालक फेकले तर तीन-चार आठवड्यांत भाजी मिळेल ना? सध्या तिकडे भाजीही महाग असेल. घरातली सोय होईल आणि मनालाही बरं वाटेल.

---

वाशिष्ठीकाठची, खेर्डी, चिपळूण
५ ऑगस्ट

कोथरूडच्या दादांनी चांगल्या मनानं लिहिलंय, पण कृपा करून तसं करू नका. पालेभाजी तर आत्ता मुळीच नको. २२ जुलैला आमच्या बाजारपेठेत जे पाणी शिरलं त्यात शौचालयाच्या टाक्या, मेलेली गुरं, दुकानांतली रसायनं सगळं एक झालं होतं. तुमच्याकडे पाणी जास्त दिवस थांबलं, म्हणजे ते मातीत मुरायलाही जास्त वेळ मिळाला. पालक-कोथिंबीर जमिनीलगत वाढते, पावसाच्या थेंबानं चिखल थेट पानावर उडतो, आणि कोथिंबीर आपण कच्ची खातो.

पुराचं पाणी लागलेली जी भाजी आत्ता झाडावर आहे तीही खाऊ नका, कितीही धुतली तरी. मिठाच्या पाण्यानं, व्हिनेगरनं काही होत नाही. गुरांनाही घालू नका.

आणि अनवाणी जाऊ नका! आमच्याकडे दर पावसाळ्यात लेप्टोचा ताप असतो, त्यामुळे आम्हाला सवयीनं कळतं. उंदराच्या मुतातून चिखलात येतो आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून अंगात शिरतो. गमबूट, हातमोजे, वर पूर्ण बाह्यांचं काहीतरी. आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारा, पूरग्रस्त भागात त्याच्या गोळ्या देतात, पण स्वतःच्या मनानं घेऊ नका. पुढच्या महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "पुराच्या चिखलात काम केलंय" हे आधी सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर घ्या. कचऱ्याचा ढीग हातानं उचलू नका, काठीनं हलवा. आमच्याकडे फुरसं निघतं, तुमच्याकडे घोणस असेल.

आता दुसरं, आणि इथं मी "तू" म्हणते, राग मानू नकोस. माझीही बाग गेली गो. आमच्याकडे पाणी काही तासच होतं, पण त्यानं वरची माती खरवडून नेली. जिथं वाफे होते तिथं आता गोटे आणि काचा. तुझ्याकडे गाळ आला, माझ्याकडे मातीच उरली नाही. मलाही लोक म्हणाले, भाजीच तर होती. ते चुकीचं बोलत नाहीत, त्यांच्या डोळ्यांपुढं दुकानं गेलेली, माणसं गेलेली घरं आहेत. तळियेला दरड कोसळल्याची बातमी ऐकल्यावर तर मी बागेचा शब्द तोंडातून काढला नाही. पण रोज पहाटे उठून जिला हात लावला, ती गेली तर वाईट वाटणारच. त्यासाठी कुणाच्या दुःखाशी मोजमाप करायला नको. मी दोन दिवसांपूर्वी मागल्या पायरीवर बसून पोटभर रडले. मग नवऱ्यानं फावडं आणून शेजारी ठेवलं, काही बोलला नाही, आणि आम्ही काचा वेचायला लागलो. तू मागचं दार उघड. काम काही करू नकोस, पायरीवर बसून चहा तिथं पी.

माझ्याकडे बी द्यायला नाही. सुरण जमिनीत खोल होता, तो राहिलाय. जानेवारीत काढला की तुझ्यासाठी कंद ठेवीन.

---

माती_मास्तर, इस्लामपूर
५ ऑगस्ट

शेतीशाळेत शिकवायचो, आता निवृत्त आहे. हरिपूरच्या काकांनी आणि खेर्डीच्या ताईंनी अगदी योग्य सांगितलंय. मी थोडी भर घालतो, कारण ताईंनी झाडांचं विचारलंय ते राहिलं.

किती थांबायचं याला धरून चालण्याजोगा एक आकडा आहे. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चं शेणखत घातलेल्या जमिनीसाठी मुदत ठरवली आहे: मातीला टेकणारी भाजी असेल तर काढणीआधी १२० दिवस, न टेकणारी असेल तर ९०. पुराची माती म्हणजे त्याहून अस्वच्छ खत पडलेली जमीन असं समजा. पाणी जुलैअखेर उतरलं असेल तर मांडवावरच्या, शिजवून खायच्या भाजीला ऑक्टोबरअखेर, आणि मेथी, मुळा, कोथिंबीर, गाजराला नोव्हेंबरअखेर. ही मुदत काढणीची आहे, पेरणीची नाही. म्हणजे दसऱ्याच्या सुमारास पेरायला हरकत नाही. अळवाची नवी पानं येतील तीही दिवाळीपर्यंत कापून कुजवायला टाका. उकळल्यावर चालेल असं कुणी सांगेल. मी माझ्या घरात करणार नाही. हळद उकरून एक गड्डा बघा. मऊ आणि वासाचा असेल तर सगळी काढून टाका, पाण्याखाली राहिलेली हळद सहसा कुजते.

मधल्या काळात जमीन रिकामी ठेवू नका, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मुळांभोवती काही उपयोगी बुरशा राहतात, त्या झाडाला स्फुरद मिळवून देतात. पाणी साचून मुळं मेली की त्याही कमी होतात. १९९३ मध्ये मिसिसिपीला मोठा पूर आला, त्यानंतर तिथला मका खत असूनही खुजा आणि जांभळट राहिला. कारण हेच निघालं. त्यामुळं पहिलं पीक असं घ्या की ज्याच्या मुळांवर ही बुरशी जगते. ताग, चवळी, घेवडा, मका चालेल. मोहरी, मुळा, कोबी, पालक यांच्या मुळांशी तिचं जमत नाही, त्यांना पहिला नंबर देऊ नका.

दोन गुंठ्यांना ताग सव्वा किलो पुरे. वाफसा आल्यावर फोकून द्या. फुलावर येऊ लागला की, साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत, कापून तिथंच मातीत गाडा. दोन-तीन आठवडे कुजू द्या, की दसऱ्यापर्यंत जमीन तयार. सखल कोपऱ्यात पाणी परत साचेल असं वाटलं तर तिथं ताग नको, धैंचा टाका, तो पाणी सोसतो. गाडताना शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून घाला, मुळकूज कमी होईल. कृषी विज्ञान केंद्रात मिळतं.

लिंबाच्या आळ्यातला गाळ आजच काढा, बाकी वाफशाची वाट बघा पण हे थांबवू नका. खोडाला गाळ टेकून राहिला की साल कुजते. खोड धुऊन, वाळल्यावर बोर्डो पेस्ट लावा. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत, मग एकत्र. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला. नवी पालवी फुटेपर्यंत खत बिलकूल नको, दुखऱ्या मुळांना ते सोसत नाही. शेवग्याची साल नखानं खरवडा. आत हिरवी असेल तर कंबरेएवढा ठेवून छाटा आणि कापलेला जाड फाटा उंचावर दुसरीकडे रोवून ठेवा. पपयांचा नाद सोडा, त्यांना साचलेलं पाणी दोन दिवसही सोसत नाही.

आणि ग्रामपंचायतीनं गल्लीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं असेल, ते कुणी मायेनं वाफ्यात टाकू देऊ नका. विहीर किंवा बोअर असेल तर तिचा उपसा आणि टीसीएल होईपर्यंत ते पाणी भाजीला नको.

---

गच्चीवाला_कोथरूड, पुणे
५ ऑगस्ट

चिपळूणच्या ताई, मास्तर, समजलं. जमिनीत नको, तर जमिनीच्या वर करता येईल का? माझ्याकडे लागवडीच्या रिकाम्या पिशव्या बऱ्याच आहेत, आमच्या सोसायटीतल्या गच्चीवाल्यांकडूनही जमतील. कोकोपीट आणि गांडूळ खताच्या दोन-तीन गोण्या देऊ शकतो. मित्राचा टेंपो मदत घेऊन शनिवारी सांगली-शिरोळकडे निघतोय, त्यात टाकतो. चिपळूणला जाणारं कुणी असेल तर तिकडेही पाठवीन. ताई, तुम्हा दोघींना किती लागतील?

---

परड्यातली
६ ऑगस्ट

किती लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी. काल रात्री मुलीनं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, घरातले सगळे ऐकत बसले होते. माझे मिस्टर एरवी परड्याला "तुझं खातं" म्हणतात. त्यांनी सकाळी उठून लिंबाचं आळं मोकळं केलं, मी सांगायच्या आत.

दार उघडलं. खेर्डीच्या ताई, चहा तिथंच घेतला.

मास्तर, शेवगा आतून हिरवा आहे! हळद मात्र गेली, गड्डा हातातच विरघळला. कढीपत्त्याचं सांगता येत नाही अजून.

हरिपूरच्या काका, वांग्याच्या मेलेल्या झाडावर फळ होतं. बियाण्यासाठी राखलेली दोन सापडली. एक फुटून सडलं होतं. दुसऱ्याचं बी निघालं, पाण्यात घातल्यावर निम्म्याहून जास्त बुडालं. कागदावर वाळतंय. उगवेल की नाही ठाऊक नाही, म्हणून तुमचंही हवंच आहे. सासूबाई असत्या तर त्यांनीही घेतलं असतं. त्या कुणाच्या दारावरून वाण आणल्याशिवाय परत यायच्या नाहीत.

गच्चीवाले दादा, मला दहा पिशव्या पुरे. खेर्डीच्या ताईंना जास्त द्या, त्यांच्याकडे मातीच नाही. जयसिंगपूरच्या माळावरची माती नणंद देते म्हणाली, तिथं पाणी नव्हतं. त्यामुळं कोकोपीटही त्यांनाच द्या.

वरण्याचं कुणाकडे काही कळलं का? आता ऑगस्ट लागला, उशीर झालाय का?

---

डोंगरकडची, आजरा
६ ऑगस्ट

वरणा आहे! आत्ताच धागा दिसला. आमच्याकडे नेट डोंगरावर चढून बघावं लागतं.

उशीर झाला असं समजू नका. वरणा, पावटा, घेवडा ही सगळी एका घरची. जूनमध्ये लावा नाहीतर ऑगस्टमध्ये, दिवस लहान झाल्याशिवाय ती फुलत नाहीत. उशिरा लावलेल्याचा वेल एवढा पसरत नाही, शेंगा कमी येतात, पण थंडी पडली की फुलतोच. भोगीच्या भाजीपुरता नक्की मिळेल आणि पुढच्या वर्षीचं बीही धरता येईल. पहिल्या वर्षी खायचा मोह आवरा, चांगल्या चार-पाच वेलांवरच्या शेंगा जाग्यावर वाळू द्या. मास्तरांच्या हिशेबातही बसतंय, वेल वर चढतो आणि शेंगा शिजवूनच खातो.

माझ्याकडे दोन वाण आहेत, एक पांढऱ्या दाण्याचा, एक तांबूस. तुमच्या सासूबाईंचा कोणता होता? दोन्ही पाठवते, लावून बघा. एकत्र लावू नका, वेगवेगळ्या टोकांना लावा, म्हणजे बी धरताना घोटाळा होत नाही.

अजून एक विचारते. तुमच्या घरात बियाण्यासाठी वाळवलेला दुधी टांगलेला होता का? आमच्यात आढ्याला दोन-तीन असतातच. त्याची कवटी इतकी टणक असते की पाण्यात पडली तरी तरंगते, आत पाणी शिरत नाही. भिंत खचली तिथल्या राड्यात, नाहीतर कुंपणाला अडकलेल्या कचऱ्यात काठीनं शोधा. चीर गेलेली नसेल तर फोडा, आतलं बी कोरडं मिळेल. २०१९ ला माझ्या बहिणीकडे चिखलीत असंच मिळालं होतं.

आणि गौरी १२ सप्टेंबरला येतायत. दादांच्या पिशव्या आल्या की पहिल्या दोन पिशव्यांत माळावरची माती भरून शेपू पेरा. कोवळा का होईना, नैवेद्याच्या भाजीपुरता होईल. बी वरण्याबरोबर घालते.

---

परड्यातली
७ ऑगस्ट

दुधी सापडला. कुंपणाच्या तारेत अडकला होता, खेर्डीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे काठीनं ओढून काढला. फोडल्यावर आत खुळखुळ. मुलीनं बी मोजायला घेतलं होतं, मग कंटाळून मूठभर सरळ शेजारच्या काकूंना देऊन आली.

आजऱ्याच्या ताई, आमचा तांबूस दाण्याचा. पण दोन्ही पाठवा. पांढरा काकूंच्या कुंपणाला लावू, त्यांचं परडं आमच्यापासून दोन घरं सोडून आहे.

ताग इथं दुकानात मिळत नाही, सगळीकडे ऊस-सोयाबीनचंच बी आहे. मास्तर, कुठं मिळेल?

---

माती_मास्तर, इस्लामपूर
७ ऑगस्ट

ताग माझ्याकडून घ्या, घरात पाच किलो आहे. हरिपूरच्या काकांना मी सोमवारी भेटतोय. वांग्याचं बी आणि ताग एकाच पिशवीत घालतो. इस्लामपूरहून जयसिंगपूरला माझा भाचा रोज कामाला जातो, तो नणंदेकडे पोचवेल. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा. काकूंच्या परड्याचा आणि गल्लीतल्या बाकीच्यांचा अंदाजही कळवा, पाच किलो म्हणजे आठ गुंठे होतात.

---

हरिपूर_मळी, सांगली
७ ऑगस्ट

मास्तर, सोमवारी सकाळी दहाच्या आत या. नंतर आमच्यात पाणी सोडतात, मी भांडी भरण्यात असतो. वांग्याचं बी दोन पुड्या करून ठेवतो, एक शिरोळला, एक खेर्डीला. खेर्डीच्या ताई, तुमचाही पत्ता द्या.